चार तळहातांवर पेललेलं वळण

ताशी ८० किलोमीटरनं धावणारी दीड टनाची मोटार रस्त्याला किती टेकलेली असते? चार तळहातांएवढी! एका टायरचा रस्त्याला लागलेला भाग जेमतेम आपल्या पंजाएवढा भरतो. गाडी वळते, थांबते, पळते ती या चार पंजांच्या जोरावर. स्टिअरिंग, स्प्रिंगा, शॉकअप, सेन्सर यांची सगळी धडपड या पंजांनी रस्ता सोडू नये म्हणून चाललेली असते. दोनशे वर्षं माणसं या एका कामात डोकं घालत आली आहेत. त्यातून जे निघालं ते कळलं, की घाटातलं रोजचं वळणही नव्यानं बघावंसं वाटतं.

वेग दुप्पट, ओढ चौपट

समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ४० च्या वेगानं ते घेतलं, तर गाडीला वळणात धरून ठेवायला टायरना तिच्या वजनाच्या पाव पट जोर लावावा लागतो. हजार किलोच्या गाडीला अडीचशे किलोचा. हे सहज जमतं. आता तेच वळण ८० नं घ्या. वेग दुप्पट झाला, पण जोर चौपट लागणार, म्हणजे गाडीच्या पूर्ण वजनाएवढा. साधा चांगला टायर कोरड्या डांबरावर वजनाच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत पकड देतो, त्यापुढे नाही. पावसात ही पकड आणखी खूप घटते आणि टायर गुळगुळीत झालेले असतील तर विचारूच नका. म्हणजे ४० ला निवांत वाटलेलं वळण ८० ला अवघड होतं असं नाही, ते अशक्यच होतं. मधल्या वेगांना गाडी फारशी कुरकुरत नाही, म्हणून हा फरक आधी जाणवत नाही. मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

छापखान्याच्या मालकाचं पेटंट

वळताना पुढची दोन्ही चाकं सारखीच वळतात, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर प्रत्येक वळणाला टायर घासले गेले असते. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, त्यामुळे आतल्याला जास्त वळावं लागतं. छोट्या मोटारीनं गल्लीत घट्ट वळण घेतलं, तर आतलं चाक ३० अंश वळलेलं असतं तेव्हा बाहेरचं २३-२४ अंशांवर असतं. ही किमया साधणारी दांड्यांची रचना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराची. तिचं लंडनमधलं पेटंट १८१८ साली घेतलं रुडॉल्फ आकरमान यानं. हा गृहस्थ त्या काळचा नावाजलेला चित्र-प्रकाशक! नाव त्याचंच लागलं आणि आजही जगभरचे इंजिनिअर 'आकरमान स्टिअरिंग' असंच शिकतात. त्याच्याही साठेक वर्षं आधी अशीच कल्पना इरॅस्मस डार्विन या इंग्रज डॉक्टरनं स्वतःच्या बग्गीसाठी लढवली होती. उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचे हे आजोबा.

कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची का होती, याचं उत्तरही इथेच सापडतं. पुढची दोन चाकं नीट वळवण्याचं कोडं त्याला तोवर समाधानकारक सुटलं नव्हतं, म्हणून त्यानं पुढे एकच चाक लावलं. ते कोडं सुटल्यावर १८९३ मध्ये त्याची चारचाकी 'व्हिक्टोरिया' आली. हातात धरायचं गोल चाक मात्र अजून कुठेच नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ च्या पॅरिस ते रुआं शर्यतीत आल्फ्रेड व्हॅशरॉननं आपल्या पानार गाडीला गोल स्टिअरिंग बसवलं आणि दांड्याचे दिवस भरले.

बाहेरच्या चाकाची जादा चाल

ही गंमत कागदावर करून बघा. गाडी काटकोनात वळली की बाहेरची चाकं आतल्यापेक्षा साधारण २ मीटर ३५ सेंटीमीटर जास्त चालतात. वळण गल्लीतलं असो नाहीतर महामार्गाचं लांबलचक, फरक तेवढाच! डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, की त्रिज्या काहीही असली तरी उत्तर बदलत नाही. हा फरक सांभाळायला इंजिनाची ताकद दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं वाटावी लागते. ते काम करणाऱ्या डिफरन्शियलचं पेटंट ओनेझिफोर पेकेर या फ्रेंच माणसानं १८२७-२८ मध्ये घेतलं. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्याला ते वाफेच्या गाडीसाठी हवं होतं.

मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं जात नाही

एसटीची बस चौकात वळताना ड्रायव्हर आधी उलट्या बाजूला का घेतो? मागची चाकं पुढच्या चाकांचा माग सोडून वळणाच्या आत सरकतात म्हणून. पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असलेली बस २० मीटर त्रिज्येच्या वळणात शिरली, की मागचं चाक जवळजवळ तीन फूट आत येतं. रस्ते आखणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच घाटातल्या तीव्र वळणावर रस्ता सरळ भागापेक्षा मुद्दाम रुंद ठेवतात. ती जागा बसच्या आणि ट्रकच्या मागच्या चाकांची आहे. वळणाऱ्या अवजड गाडीच्या आतल्या अंगाला मोकळी जागा दिसली म्हणून दुचाकी तिथे घालणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: ती जागा दोन सेकंदांनी राहणार नाही, आणि ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसालच असंही नाही.

उलट टोक बघायचं तर लंडनची काळी टॅक्सी. तिला २५ फुटांच्या, म्हणजे साधारण ७.६ मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरता आलंच पाहिजे, असा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा दंडक आहे. आपल्याकडे टाटांची नॅनो त्याच्या जवळ पोचली होती. तिची वळण्याची त्रिज्या ४ मीटर, म्हणजे व्यास ८ मीटर. गल्लीबोळांतून तिच्याइतकी सहज फिरणारी चारचाकी पुन्हा रस्त्यावर यावी असं फार वाटतं.

चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे

वळताना गाडी चाकाच्या तोंडाच्या दिशेनंच जाते, हा समज खोटा आहे. टायर रबराचा. बाजूचा जोर आला की तो पीळ खातो आणि चाकाचं तोंड असतं त्यापेक्षा दोन-चार अंश बाहेरून चालतो. हा पीळ आहे म्हणूनच तर गाडी वळते. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त बाहेर सरकले, तर स्टिअरिंग वळवूनही गाडी हट्टानं सरळ जायला बघते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचे जास्त सरकले, तर शेपूट बाहेर फेकलं जाऊन गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते. ते ओव्हरस्टिअर. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास मॉरिस ऑली यांनी केला. घरच्या वापराच्या जवळपास सगळ्या गाड्या कंपन्या जाणूनबुजून थोड्या अंडरस्टिअरकडे झुकवून ठेवतात. घाबरलेला माणूस आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो, आणि अंडरस्टिअरमध्ये तेवढ्यानं गाडी बऱ्याचदा पुन्हा हातात येते. शेपूट सुटल्यावर सावरायला मात्र सराव लागतो.

वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. पुढच्या चाकांचा वळायचा आस थोडा मागे कललेला असतो आणि टायरचा रस्त्यावरचा ठसा त्या आसाच्या मागे पडतो, त्याची ही करामत. अलाइनमेंटवाला 'कॅस्टर' म्हणतो तो हाच.

झुकणं वेगळं, पकड वेगळी

आता सगळ्यात मोठा गैरसमज. वळणावर गाडी कलली की आतले लोक घाबरतात आणि कलली नाही की निर्धास्त होतात. दोन्ही चूक. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सित्रोएन टूसीव्ही वळणावर इतकी कलायची, की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. नांगरलेल्या शेतातून टोपलीतली अंडी न फुटता नेता यावीत, ही तिच्याकडून अपेक्षा होती. म्हणून स्प्रिंगा अतिशय मऊ. पण ती कलली तरी चारही चाकं रस्त्याला चिकटून असायची आणि गाडी वळण सोडत नसे. कललेली दिसते ती वरची बॉडी. पकड असते खाली, टायरमध्ये, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

मग वळणात नेमकं होतं काय? वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. हजार किलोची गाडी घ्या. चाकांमधलं अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटर उंचीवर, आणि वळण बऱ्यापैकी जोरात, वजनाच्या निम्म्या ओढीचं. सरळ चालताना दोन्ही बाजूंना ५००-५०० किलो होते, ते आता बाहेर ६८३ आणि आत ३१७ होतात. स्प्रिंगा कितीही कडक करा, हा आकडा जवळजवळ हलत नाही. तो ठरतो गुरुत्वमध्याच्या उंचीवर, चाकांमधल्या अंतरावर आणि तुमच्या वेगावर. कडक सस्पेन्शन फक्त कलणं कमी करतं.

मग डावं-उजवं चाक जोडणारा तो वाकडा स्टीलचा बार, गॅरेजवाल्यांचा 'स्टॅबिलायझर', कशासाठी असतो? खड्ड्यांतून जाताना पुढून खटखट ऐकू येते ती बऱ्याचदा त्याच्याच लिंकची. तो बॉडीचं कलणं आवरतो, आणि त्याहून नाजूक कामही करतो: वळणातला बोजा पुढच्या जोडीनं किती उचलायचा आणि मागच्या जोडीनं किती, हे तो ठरवतो. टायरवर वजन दुप्पट टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीचा बार जाड, त्या जोडीची पकड आधी संपते. पुढचा बार जाड केला की अंडरस्टिअर वाढतं, मागचा केला की ओव्हरस्टिअर. बोटाएवढ्या जाडीच्या सळईनं गाडीचा स्वभाव बदलतो! इंजिनाच्या ताकदीचं कौतुक सगळेच करतात. मला या सळईचं जास्त वाटतं.

ताकदीवाचूनही काय साधतं ते १९५९ च्या ब्रिटिश 'मिनी'नं दाखवलं. अलेक इसिगोनिसनं तिची दहा इंची चाकं अगदी चार कोपऱ्यांत ढकलली. ही चिमुकली गाडी १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. डोंगरातल्या वळणांवर थोराड इंजिनांच्या गाड्या तिच्यापुढे हतबल झाल्या. आणि २०१४ मध्ये मर्सिडीजनं एस-क्लास कूपेला मोटरसायकलसारखं वळणाच्या आतल्या बाजूला कलायला शिकवलं, अडीच अंशांपर्यंत. त्यानं वळणातला वेग वाढत नाही, बसणाऱ्याला फक्त बरं वाटतं.

डबलडेकर उलटत का नाही?

मुंबईत १९३७ पासून डबलडेकर धावल्या, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलेल्या प्रत्येक मुलाला वळणावर हा प्रश्न पडला आहे. उत्तर जमिनीलगत दडलेलं आहे. इंजिन, चासी, ॲक्सल असं सगळं जड सामान खाली, वर बहुतांशी पत्रा आणि काच. लंडनमध्ये डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर माणसांच्या वजनाचा भार ठेवून बस २८ अंशांपर्यंत तिरकी करतात आणि तरी ती उलटता कामा नये, अशी चाचणी असते.

बसकी मोटार सपाट रस्त्यावर उलटायच्या आधी घसरते. टायरची पकड आधी संपते, तोवर उलटण्याइतका जोर येतच नाही. उंच एसयूव्हीत मात्र हे दोन आकडे एकमेकांच्या फार जवळ येतात. घसरत जाऊन साईडपट्टीच्या खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला चाक अडलं, की गाडी उलटते. अशा गाडीच्या टपावर गावाकडच्या वाटेत तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या चढवताना याची आठवण ठेवा. बाराशे किलोच्या मोटारीच्या टपावर ६० किलो सामान ठेवलं, की गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटरहून जास्त वर चढतो. जड सामान डिकीत, तेही तळाशी. टपावर फक्त हलकं.

रिक्षाची गोष्ट याहून कठीण. तिचा पाया त्रिकोणी, पुढे एकच चाक. वळता वळता ब्रेक दाबला की वजन पुढे आणि बाहेर, अशा तिरक्या दिशेनं जातं, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात तिला चाक नसतं. दिवसभर वळणं घेत तिला सांभाळणाऱ्या चालकांच्या हाताला दाद द्यायला हवी.

हरणानं घडवलेला बदल

ऑक्टोबर १९९७. स्वीडनमधल्या 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' मासिकाच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास एका साध्या चाचणीला लावली. रस्त्यात अचानक मूस, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं थोराड हरीण आलं तर पटकन डावीकडे काढायची आणि लगेच उजवीकडे परत आणायची. गाडी उलटली. जगभर बोभाटा झाला. मर्सिडीजनं विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि १९९५ पासून आपल्या महागड्या गाडीत असलेली ईएसपी ही यंत्रणा या छोट्या गाडीत सरसकट बसवली. पुढे ती इतरांच्या छोट्या गाड्यांतही झिरपत गेली.

ईएसपी करतं ते ऐकून मी थक्क झालो होतो. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय, याची ते सेकंदाला पंचवीसेक वेळा तुलना करतं. दोन्हींत तफावत आली की एकाच चाकाचा ब्रेक दाबतं. गाडी वळत नसेल तर आतल्या मागच्या चाकाचा, शेपूट सुटत असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाचा. कुठल्याही माणसाला हे जमणार नाही, कारण आपल्या पायाखाली चारही चाकांचा मिळून एकच ब्रेक असतो. नवी गाडी घेताना सनरूफआधी हे आहे का ते विचारा.

त्याच मूस चाचणीत १९९९ मध्ये सित्रोएनची झान्टिया ॲक्टिव्हा ताशी ८५ किलोमीटरला पास झाली. ही कुटुंबासाठीची साधी गाडी. पण हायड्रॉलिक यंत्रणेमुळे ती वळणात जवळजवळ कलतच नसे. तिचा आकडा भल्याभल्या सुपरकारना वीस वर्षं मोडता आला नाही.

शर्यतीतल्या करामती

१९७८ च्या स्वीडिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत निकी लाउडाची ब्रॅबहॅम गाडी मागे भलामोठा पंखा घेऊन उतरली. इंजिन गार करायला आहे, असं सांगितलं गेलं. खरं तर तो गाडीखालची हवा शोषून तिला रस्त्याला चिकटवत होता. लाउडा आरामात जिंकला आणि गाडी त्या एकाच शर्यतीनंतर मागे घेतली गेली. १९८७ मध्ये आयर्टन सेनानं मोनाकोत लोटस जिंकवली, तिचं सस्पेन्शन संगणक हलवत होता. १९९२ ला त्याच कल्पनेवर विल्यम्स आणि नायजेल मॅन्सेल जगज्जेते झाले. १९९४ पासून त्यावर बंदी आली.

रस्ताही वाकतो

वळणाचं निम्मं काम रस्ता करतो. आपल्या रस्त्यांच्या मानकांनुसार वळणाची बाहेरची कड सपाट मुलखात ७ टक्क्यांपर्यंत आणि बर्फ न पडणाऱ्या घाटांत १० टक्क्यांपर्यंत उंच ठेवता येते. दहा टक्के म्हणजे मीटरमागे दहा सेंटीमीटर. तसा उतार असलेलं ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी २५ नं घेतलं, तर टायरना बाजूचा जोर लावावाच लागत नाही. हाच हिशेब पुढे नेला की इंदूरजवळच्या पीथमपूरची नॅट्रॅक्स धावपट्टी तयार होते. तिचा फेरा ११.३ किलोमीटरचा आणि वळणं अशी, की ताशी २५० ला स्टिअरिंग बाजूला ओढत नाही. अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या धावपट्टीची वळणं ३३ अंश तिरकी आहेत, पायी चढताना धाप लागेल इतकी. आणि इटलीत तुरिनच्या फियाट कारखान्यानं १९२३ मध्ये चाचणीची धावपट्टी चक्क इमारतीच्या गच्चीवर बांधली, कललेल्या वळणांसकट.

स्टिअरिंग हलकं कुणी केलं?

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९२६ मध्ये पॉवर स्टिअरिंग करून दाखवलं. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत यायला मात्र १९५१ उजाडलं. क्रायस्लर इम्पीरियल ती पहिली. आज आपल्या छोट्या गाड्यांत असतं ते विजेवरचं स्टिअरिंग १९८८ मध्ये प्रथम सुझुकी सर्व्होत आलं.

गाडी लागते ती मागच्यांना

घाटात ड्रायव्हरला क्वचितच मळमळतं. पुढचं वळण कधी आणि किती, हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. मागच्या सीटवर मोबाईल बघणाऱ्याचे कान सांगतात की आपण हलतोय, डोळे सांगतात की स्थिर आहोत, आणि या तंट्यात पोट ढवळतं. मान वर करून दूरचा रस्ता बघा. आणि चालवणाऱ्यानं स्टिअरिंग झटक्यात न वळवता हळू वाढवत नेलं, तर मागचे दुवा देतील.

आणि हवा

अमेरिकेतल्या शेव्हर्ले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं. तिला पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय हवा भरायची सूचना होती. पुष्कळ लोक चारही चाकांत सारखीच भरत आणि मग वळणावर शेपूट सुटायचं. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात पहिलंच प्रकरण या गाडीवर लिहिलं. पुढे १९७२ मध्ये तिथल्या सरकारी अहवालानं ती समकालीन गाड्यांहून जास्त धोकादायक नव्हती असं म्हटलं खरं, पण मालकाच्या हातातल्या हवेच्या पंपावर गाडीचा स्वभाव टांगून ठेवू नये, हे कंपन्या शिकल्या.

तुमच्या गाडीला किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. पुढे-मागे आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आकडे वेगवेगळे असू शकतात. पंपावर 'किती भरू?' विचारलं की अंदाजानं 'तीस' सांगू नका, तो कागद वाचा. हवा टायर गार असताना तपासा, स्टेपनीचीही. आणि घाटात वेग कमी करायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असतानाच. टायरची पकड एकच असते. ब्रेकनं जितकी वापरली, तितकी वळायला उरत नाही. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे.